दोन वह्या, एक गच्ची

धर्मादाय संस्थेने धंदा करू नये, असं आयकराचा कायदा म्हणत नाही. करायचा तर संस्थेच्या उद्देशाला धरून करा आणि त्याच्या हिशेबाची वही वेगळी ठेवा, एवढंच त्याचं म्हणणं. वाचायला सरळ वाटतं. ज्यांनी हे कलम लिहिलं ते दिल्लीत बसून, बहुधा हिवाळ्यात, लिहीत असावेत. मे महिन्यात तालुक्याच्या गावातल्या एखाद्या संस्थेच्या गच्चीवर ते चढले असते, तर वरच्या पायरीवर चप्पल काढता काढताच त्यांचा निश्चय डळमळला असता. कारण त्या गच्चीच्या एका कोपऱ्यात कुरडया वाळत असतात, दुसऱ्या कोपऱ्यात कागदाच्या लगद्याचे मुखवटे वाळत असतात, आणि दोन्हींवर एकच ऊन पडत असतं. ते ऊन कुठल्या वहीत लिहायचं?

आमची संस्था सातारा जिल्ह्यातली. एका निपुत्रिक आजींनी आपला जुना वाडा दिला, गावातल्या चार शहाण्यांनी घटना लिहिली, आणि कलागुणांना वाव देणं नि बायकांच्या घरगुती उद्योगांना हातभार लावणं हे दोन उद्देश एकाच वाक्यात कोंबून ते मोकळे झाले. पुढे कुणीतरी त्याचे दोन विभाग केले. कला विभाग समोरच्या सोप्यात, उद्योग विभाग मागच्या स्वयंपाकघरात. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात दोघांचं छान चालतं, कारण कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं. उन्हाळा लागला की मात्र दोघांनाही गच्ची हवी असते.

मी या संस्थेचा खजिनदार. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला आमच्या गावात फारसे पर्याय नसतात. सकाळी फिरायला निघावं, वाटेत कुणीतरी वाकून नमस्कार करावा आणि दुपारपर्यंत आपण कुठल्यातरी संस्थेचे खजिनदार झालेलो असावं, अशी इथली रीत आहे.

उद्योग विभाग म्हणजे आक्का. विभागात बायका पुष्कळ आहेत, पण विभाग म्हणजे आक्काच. पाडवा झाला की त्या आभाळाकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "भाऊ, गव्हाचे पैसे काढा." इथून उन्हाळा सुरू. गहू तीन दिवस भिजत पडतात, रोज त्यांचं पाणी बदलायचं. मग ते वाटायचे, पिळून चीक काढायचा, फडक्यातून गाळायचा, रात्रभर निवळत ठेवायचा. पहाटे वरचं पाणी अलगद ओतून दिलं की तळाशी जो पांढराशुभ्र गोळा उरतो, त्याच्यासाठी चार दिवसांचा हा सगळा खटाटोप. तो शिजवणं हे एकटीचं काम नाही. एकीने ओतायचं, दुसरीने घोटायचं, तिसरीने चुलीकडे बघायचं आणि चौथीने "गुठळी झाली, गुठळी झाली" म्हणून ओरडायचं. ही चौथी दरवर्षी वेगळी असते. बाकीच्या तिघी त्याच.

उन्हं चढायच्या आत सोऱ्यातून कुरडया पडल्या पाहिजेत, म्हणून पहाटे चारला वाड्यात दिवे लागतात. शिजलेला चीक थोडा बाजूला काढून दूध-साखर घालून वाटीवाटीने फिरवला जातो. या चिकाचं संस्थेच्या कारभारातलं महत्त्व मला फार उशिरा कळलं. एरवी आमची कार्यकारिणीची सभा कोरमअभावी अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच जागी, तेवढ्याच माणसांत, कोरमची अट नसल्यामुळे सुरळीत पार पडते. चिकाच्या दिवशी सकाळी सातला सभा ठेवली की सगळे विश्वस्त हजर. ज्यांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, असं गेली काही वर्षं इतिवृत्तात नोंदलेलं आहे, तेही गच्चीत.

कुरडयांमागून साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस, सांडगे आणि शेवटी उडदाचे पापड. उडदाचं पीठ तेलाचा हात लावून कुटण्याचा आवाज तीन गल्ल्यांत जातो. पापड लाटायला बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात, आणि लाटणावळ किलोवर ठरलेली असते. आक्कांकडे एक शाळकरी वही आहे. तिच्यात कुणी किती किलो लाटले, किती तुटले, कुणाला किती उचल दिली, हे सगळं असतं. त्या वहीला मुखपृष्ठ नाही आणि ताळेबंदही नाही, पण ती आजवर चुकलेली नाही. माझी वही संगणकात आहे. तिच्याबद्दल असं विधान मी करणार नाही.

कला विभागाचे सर्वेसर्वा नाट्यसर. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की मुलांचं शिबिर: चित्रकला, मातीकाम, कागदकाम, गाणी, आणि या सगळ्याचा शेवट म्हणून मे अखेरीला एक बालनाट्य. नाटक सर स्वतः लिहितात. दरवर्षी जंगल असतं, कारण जंगलात कितीही मुलं मावतात. ज्यांचा आवाज मोठा त्यांना प्राणी करतात, ज्यांना पाठांतर होत नाही ते झाडं होतात. उरलेली मुलं ओढा होतात. निळी ओढणी धरून हलवत राहायचं, एवढंच काम. एकदा एका आईने येऊन तक्रार केली होती की तिचा मुलगा सलग दोन वर्षं झाड आहे. सरांनी तिला समजावलं की यंदा तो वडाचं झाड आहे.

मुखवटे कागदाच्या लगद्याचे. थर देत जायचे आणि कडक उन्हात वाळवायचे. नाहीतर सिंहाला बुरशी धरते. म्हणून सरांना गच्ची हवी.

गच्चीवरून वाद पेटला की आक्का इतिहासात शिरतात. लिज्जतची गोष्ट त्यांना तोंडपाठ आहे. १५ मार्च १९५९, गिरगाव, सात बायका, ८० रुपये उसने, इमारतीची गच्ची आणि पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं. पावसाळा आला तेव्हा पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्या बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. वर खाटेवर पापड, खाली पेटलेला स्टोव्ह. ही गोष्ट सांगून झाली की आक्का थांबतात आणि म्हणतात, "मी खाट मागत्येय का? गच्चीच मागत्येय ना?"

यावर सर शांतपणे चष्मा पुसतात. ते सांगतात, त्याच १९५९ साली, त्याच मुंबईत, सुधा करमरकरांनी लिटल थिएटर उभं केलं आणि रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलं. मुलांचं नाटक म्हणजे स्नेहसंमेलनातलं हौसेचं काम नव्हे, त्याला नेपथ्य लागतं, प्रकाशयोजना लागते, जादू लागते, हे महाराष्ट्राला कळलं ते तिथून. "आणि जादू ओल्या मुखवट्यात होत नाही," असं म्हणून ते चष्मा डोळ्यांवर चढवतात.

म्हणजे एकाच शहरात, एकाच वर्षात, एकीकडे पापड आणि दुसरीकडे बालनाट्य यांना असं बळ चढलं, आणि त्याचे परिणाम मी सातारा जिल्ह्यात भोगतो आहे. लिज्जतच्या गच्चीवर शेजारच्या मुलांनी नाटकाची तालीम मागितली असती तर काय झालं असतं, हा विचार रात्री झोप येत नसली की माझ्या मनात येतो.

आमच्या अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. भांडण आलं की त्या खडू मागतात. यंदा खडूऐवजी रांगोळी मागितली आणि गच्चीच्या मधोमध एक रेघ ओढली. पूर्वेकडची उद्योगाची, पश्चिमेकडची कलेची. न्याय झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी शिबिरातल्या मुलांनी त्या रेघेला दोन्ही बाजूंनी ठिपके दिले, मग वेल काढली, मग मोर. मोराला पिसारा फुलवायला जागा लागते, आणि ती त्याला पूर्वेकडे मिळाली. आक्कांच्या दोन पोती कुरडयांची हद्द मोराने खाल्ली. विशेष म्हणजे आक्कांनी मोर पुसू दिला नाही. त्याच्या पिसांच्या मधल्या मोकळ्या जागांत त्यांनी सांडगे घातले. खालून वर येणाऱ्या माणसाला तो मोर कलेचा वाटे, आणि जवळ गेल्यावर मुगाचा.

राखणदारीचंही तसंच. काळ्या छत्रीचं फाटकं कापड काठीला बांधून ठेवलं की कावळे पहिला दिवस येत नाहीत. दुसऱ्या दिवशी ते त्या काठीवरच बसतात. म्हणून मुलं लागतात. शिबिरातल्या मुलांनी आपणहून पाळ्या लावल्या आणि मोबदला ठरवला: दर पाळीला चार अर्धवट वाळलेले सांडगे आणि एक साबुदाण्याची ओलसर पापडी. बाहेरून कडक नि आतून मऊ अशा त्या पापडीसाठी मुलं उन्हात उभी राहायला तयार असतात. मी मनात म्हटलं, हे बालमजुरीत तर येत नाही? सरांनी त्याला 'निसर्गनिरीक्षण' असं नाव दिलं आणि वेळापत्रकात घातलं. पालक खूश झाले. कावळ्यांबद्दल मुलांना खरोखरच पुष्कळ कळलं, ते निराळं.

मेच्या दहा तारखेच्या आसपास आमच्या भागात शून्य सावलीचा दिवस येतो. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामध्ये राहणाऱ्यांनाच हे भाग्य, तेही वर्षातून दोनदा. त्यातला दुसरा दिवस आपल्याकडे पावसाळ्यात ढगांआड निघून जातो. म्हणून जो काही सोहळा तो मेमध्येच. भर माध्यान्ही सूर्य डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायांखाली गडप होते. हे माध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही. आपलं घड्याळ पूर्वेकडच्या रेखांशावर चालतं, म्हणून साताऱ्याकडे ते साडेबाराच्या सुमारास होतं. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मुलांना गच्चीवर आणलं, बाटल्या उभ्या केल्या, डबे उभे केले. जागा नव्हतीच, त्यामुळे काही बाटल्या उडदाच्या पापडांच्या रांगांमध्ये उभ्या राहिल्या. सावल्या आखडत गेल्या आणि खरोखर नाहीशा झाल्या. मुलं ओरडली. आक्का पदराने कपाळ पुसत बघत होत्या. त्यांनी विचारलं, "मग आता कावळ्याची पण सावली नाही पडायची?"

बाईंनी सांगितलं, पडते, पण सरळ त्याच्या खाली.

हे बोलणं संपतंय तोवर वरून एक कावळा गेला. त्याची सावली नेमकी एका पापडावर पडली आणि मागोमाग कावळाही पडला. पापड गेला. तो मी कुठे नोंदवावा? विज्ञानाला आमच्याकडे तिसरी वही नाही.

पाकिटांच्या गोष्टीत तर मी पुरता अडकलो. आक्कांना पाकिटावर चित्र हवं होतं. छापखान्यातला मुलगा केसात गजरा माळलेली एक बाई दाखवत होता, तिच्या हातात लाटणं होतं आणि नखं रंगवलेली. आक्का म्हणाल्या, असल्या नखांनी पापड लाटला तर लाटणावळ मिळणार नाही. तेव्हा शिबिरात वारली चित्रं चालली होती. खरी वारली चित्रं गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, आणि लग्नाचा चौक काढण्याचा मान पूर्वापार सवाशिणींचा. कागदावर आणि जगभर ही कला नेली जिव्या सोमा मशे यांनी, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आमच्या मुलांनी तारपा नाच काढला होता. एका मुलीच्या चित्रात नाचणाऱ्यांच्या मधोमध तारपावाल्याऐवजी एक बाई पापड लाटत बसली होती आणि सगळी माणसं तिच्याभोवती फेर धरून नाचत होती. ते चित्र पाकिटावर गेलं. फेराच्या खाली अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक आहे, त्यामुळे माणसं त्या क्रमांकावर नाचताहेत असं वाटतं. चौदा आकडे असल्यामुळे जागा पुरते.

आता या मुलीला मानधन द्यायचं ते कलेच्या खात्यातून की उद्योगाच्या? चित्र शिबिरात काढलं, छापलं पाकिटावर. मी सीएंना फोन केला. ते म्हणाले, "जिथे उत्पन्न दिसतं तिथे खर्च दाखवा." मी म्हटलं, उत्पन्न पापडाचं दिसतं, पण लोक पाकीट चित्र बघून उचलतात. ते म्हणाले, "लोक का उचलतात ते लिहायला रकाना नाही."

करांच्या बाबतीत सुदैवाने पापड हा भारतातला सर्वांत निर्धास्त पदार्थ आहे. आमची उलाढाल जीएसटीच्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे, पण खजिनदाराला काळजी करायला मर्यादा लागत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये एका बड्या उद्योगपतीने समाजमाध्यमावर प्रश्न टाकला होता की गोल पापडाला कर नाही आणि चौकोनी पापडाला आहे, यातलं तर्कशास्त्र कुणी समजावेल का. त्यावर केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने खुलासा केला, पापड कुठल्याही नावाचा आणि कुठल्याही आकाराचा असो, तो करमुक्तच. त्याच्याही आधी, १९९६ साली, जयपूरकडचा 'गोल्ड फिंगर' नावाचा एक प्रकार पापड आहे की नाही हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. न्यायालयाने तोही पापडच ठरवला. हे मी आक्कांना वाचून दाखवलं. त्यांनी पोळपाटावरचा पापड फिरवत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चौकोनी लाटतं कोण?" एवढ्या खटल्यात हा मुद्दा कुणी मांडलेला दिसत नाही.

पण खरा पेच ओवीचा.

सरांच्या नाटकात एक म्हातारी होती. ती पहाटे जात्यावर बसते आणि तिचा आवाज ऐकून जंगलातले प्राणी एकेक करून जवळ येतात. सरांनी ओव्या लिहून पाहिल्या. यमकं जुळत होती, पण जातं फिरत नव्हतं. एके सकाळी ते कुरडयांच्या वेळी गच्चीवर होते, मुखवटे उलटे करायला आलेले. आक्का सोऱ्या दाबत होत्या आणि तोंडाने काहीतरी चाललं होतं. सर तिथेच उभे राहिले, हातात हरणाचं तोंड. मग त्यांनी विचारलं, "आक्का, हे मुलांना शिकवाल?"

आक्का म्हणाल्या, "ह्यात शिकवायचं काय? दळायला बसवा, आपोआप येईल."

वाड्याच्या कोठीत जातं होतंच, नुसतं भिंतीला टेकून ठेवलेलं. ते बाहेर काढलं, धुतलं, खुंटा ठोकला. आक्कांनी मुलांना दोन-दोन करून बसवलं. पहिल्या दिवशी गाणं नाहीच, नुसतं दळण. दुसऱ्या दिवशी हाताला लय आली, मग आक्कांनी आवाज लावला. ओळ आक्कांची, पुढे हुंकार मुलांचा. त्यांच्या ओव्यांत भाऊ होता, माहेरची वाट होती, पंढरीचा विठोबा होता, आणि एका ओवीत सासूबद्दल असं काही होतं की सरांनी ती नाटकातून वगळली. मुलांनी नेमकी तीच पाठ केली.

पुण्याहून काम करणाऱ्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या आज 'परी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात ऐकायलाही मिळतात. एक लाख ओव्या! बँकेची सवय जात नाही म्हणून मी लगेच दुसऱ्या बाजूचा विचार केला: तेवढ्या गाताना पीठ किती पडलं असेल? ते कुणी मोजलेलं नाही. ज्या घरात ते पीठ पडत होतं, तिथे त्याच्या भाकऱ्या मोजत असत आणि ओव्या हवेत जात. संशोधकांनी ओव्या टिपल्या, तोवर भाकऱ्या खाऊन झाल्या होत्या. दोन्ही एका वहीत लिहिणारं कुणी असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

शिकवण्याचं मानधन द्यायला हवं, असं सर म्हणाले. आक्कांना मी विचारलं, किती घ्याल? त्यांनी बराच विचार केला. आयुष्यभर त्यांनी मोबदला एकाच मापाने घेतलेला.

"किलोवर नाही ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही.

"मग राहू दे. त्या पोरांनी दळलेलं पीठ मला द्या."

पीठ अडीच किलो भरलं. ज्वारीचं, थोडं जाडसर. कलेच्या वहीत मी मानधन शून्य लिहिलं, उद्योगाच्या वहीत पीठ जमा धरलं, आणि दोन्ही नोंदी खऱ्या असूनही रात्री मला आपण काहीतरी लपवतो आहोत असं वाटत राहिलं.

नाटकाच्या आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास वळीव आला. वळवाबद्दल मराठीत फार चांगलं लिहिलं गेलं आहे. ते लिहिणाऱ्यांची वाळवणं नसावीत. मातीचा वास वगैरे नंतर. आधी धूळ, मग दारं आपटणं, मग टपोरे थेंब. खाली सोप्यात तालीम चालू होती. प्राणी आपापल्या वाक्यांत होते, आणि वाक्य मध्येच सोडायचं नाही ही सरांची शिस्त. झाडांना वाक्यंच नव्हती. आक्कांची हाक ऐकून सगळं जंगल जागेवरून उठलं आणि जिन्याकडे पळालं. सुतळीच्या पोत्यांचे खोडकपडे घातलेली दहा-बारा झाडं गच्चीवर गेली आणि त्यांनी धोतरांची नि साड्यांची टोकं धरून कुरडया, पापड, कीस, सगळं गोळा करून खाली आणलं. वडाच्या झाडाने एकट्याने सांडग्यांचं ताट उचललं. मोर मात्र वाहून गेला.

झाडं सगळीच्या सगळी पूर्वेकडे धावली, कारण हाक पूर्वेकडची होती. पश्चिमेकडे मुखवटे राहिले. हरीण आणि ससा भिंतीच्या आडोशाला होते म्हणून वाचले. सिंह मधोमध होता. त्याचं नाक आत गेलं, आयाळ खाली आली आणि तो जख्ख म्हाताऱ्यासारखा दिसू लागला. ज्याचा तो मुखवटा होता तो मुलगा, म्हणजे अध्यक्षबाईंचा नातू, पायरीवर बसून हुंदके देऊन रडला. सरांनी समजूत घातली, अध्यक्षबाईंनी डोळे वटारले, दोन्हींचा उपयोग झाला नाही. मग आक्कांनी आतून एक पाकीट आणलं, तारपा नाचवालं, आणि त्याच्या हातात ठेवून म्हणाल्या, "हे घे. आणि हे बघ, राजाला म्हातारा व्हावंच लागतं." रडणं थांबलं. आक्का हिशेबाला चोख. त्यांनी तिथल्या तिथे वही काढली आणि लिहिलं: 'सिंह – अर्धा किलो.'

दुसऱ्या दिवशी नाटक झालं. सरांनी रात्रीतून दोन वाक्यं बदलली आणि जंगलाचा राजा म्हातारा केला, त्यामुळे नाटक मूळच्यापेक्षा बरं झालं असं मला वाटतं, सरांना वाटत नाही. सिंहाने म्हातारीच्या ओव्यांवर मान डोलावली. शेवटी सगळ्या मुलांनी मिळून ती वगळलेली सासूची ओवी म्हटली आणि टाळ्या तिलाच मिळाल्या. बाहेर बचत गटांची टेबलं लागली होती. कुरडयांचा जो चुरा झाला होता तो आक्कांनी निम्म्या भावाने लावला, आणि तोच आधी संपला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सीए आले. गेल्या वर्षाची तपासणी करायची होती, पण त्यांना पुढच्या वर्षीचं संकट आधीच बघून ठेवायची सवय आहे. कुरडया तळल्या होत्या. तिसऱ्या कुरडईनंतर ते मऊ झाले आणि म्हणाले, एप्रिल-मेच्या नोंदीही दाखवा. मी माझा संगणक दाखवला. त्यांनी मान हलवली. मग आक्कांची वही मागितली. बोट फिरवत ते खाली आले आणि थांबले.

"सिंह, अर्धा किलो. हे काय आहे?"

मी सांगितलं.

"विक्री?"

"नाही."

"मानधन?"

"नाही. रडत होता."

त्यांनी चष्मा काढला. धर्मादाय संस्थेची मालमत्ता विश्वस्तांच्या किंवा त्यांच्या नातेवाइकांच्या फायद्यासाठी वापरता येत नाही, त्याने करसवलत धोक्यात येते, हे त्यांनी मला संथपणे समजावलं. मग विचारलं, "हा सिंह विश्वस्तांपैकी कुणाचा नातेवाईक नाही ना?"

मी अध्यक्षबाईंकडे पाहिलं. अध्यक्षबाईंनी पर्स उघडली, अर्ध्या किलोचे पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "देणगी म्हणून जमा करा. सिंहाच्या नावाने."

मी पावतीपुस्तक ओढलं, कार्बन सारखा केला आणि नाव लिहिलं. सीए वाकून बघत होते.

"देणगी असेल," ते म्हणाले, "तर पॅन लागेल."